मावशीनं न घेतलेलं नाव

मे १९९५, मंगळवार. सुरत. महानगरपालिकेच्या निवडणुकीसाठी आलेल्या अर्जांची छाननी. झोन कचेरीतली वरच्या मजल्यावरची खोली.

हजर: निवडणूक अधिकारी, त्यांचे दोन कारकून, दाराशी एक पोलीस. टेबलासमोरच्या खुर्च्यांवर रतिलालशेठ, त्यांच्या पत्नी हंसाबेन आणि त्यांचा वकील. भिंतीजवळ उभ्या मी आणि माझी सूचक, कौसल्यामावशी. बाकीचे उमेदवार येऊन-जाऊन होते. त्यांची नोंद मी ठेवली नाही.

दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा, असं कोणी म्हणालं नाही. मावशी सवयीनं खाली फरशीवर टेकायला लागली, तेव्हा मी तिचा दंड धरून तिला उभी ठेवली.

माझा अर्ज टेबलावर आला. वकील उठला. त्यानं मतदार यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाला की सूचकाच्या जागी नुसता अंगठा आहे. यादीत कौसल्या सूर्यभान असं नाव आहे. ही म्हातारी तीच बाई कशावरून? अंगठा काय, कुणीही लावतं.

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून मावशीकडे पाहिलं. हिंदीत विचारलं, नाव काय?

"कौसल्या," मावशी म्हणाली. चांगलं मोठ्यानं म्हणाली.

"पति का नाम?"

मावशीनं पदर कपाळावर ओढला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा साहेबाकडे पाहिलं.

माझ्या तेव्हा लक्षात आलं. सगळं पाठ करून घेतलं होतं मी तिच्याकडून. यादीचा भाग, अनुक्रमांक, गल्ली, खोली. आणि हे एक राहून गेलं होतं. आमच्याकडची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मावशीच्या वयाची तर मरेपर्यंत घेत नाही.

"बोलो माजी, पति का नाम."

मावशीनं उजवा हात वर केला. बोट छताकडे दाखवलं. "त्ये... सकाळी उगवतंय त्ये."

सूर्य सांगत होती बिचारी. तिच्या बोटाच्या वर छताला ट्यूबलाईट होती.

"ट्यूबलाईट?" वकील म्हणाला.

खोली हसली. अधिकारी हसले. दाराशी उभा पोलीस हसला. हंसाबेननं साडीचा पदर तोंडात धरला आणि खांदे हलवत हसली. एक कारकून दुसऱ्याला म्हणाला, "कौसल्याबेन ट्यूबलाईट." मग पुन्हा हसले.

मावशीचं बोट अजून वरच होतं.

त्या खोलीपर्यंत आम्ही कशा पोचलो, ते आधी सांगते.

मी जालन्याकडची. लग्नानंतर सुरतेत आले. नवरा पलसाण्याच्या एका रंगाई मिलमध्ये. आम्ही नवागामच्या गल्लीत राहायचो, तिथं अर्धी गल्ली मराठवाड्याची आणि अर्धी खानदेशची. पुरुष लूमवर, नाहीतर कडियाकामावर, म्हणजे गवंड्याच्या हाताखाली. बायका घरात बसून साडीला फॉल लावायच्या, धागे कापायच्या. मी दहावी झालेली. गुजराती मी बसच्या पाट्या आणि रेशन दुकानाचे फळे वाचून शिकले. त्यामुळे गल्लीतल्या कुणालाही काही कागद करायचा झाला की तो माझ्याकडे. शाळेचा दाखला, रेशनकार्डात नाव, मतदार यादीत नाव. मला ते आवडायचं. याद्या नीट लिहिल्या की डोकं शांत राहतं माझं.

रतिलालशेठला हे कळलं. शेठची आमच्या भागात लूमची खाती होती. खातं म्हणजे लूमचा कारखाना. ज्या खोल्यांत आम्ही राहायचो त्यांतल्या कित्येक त्यांच्याच प्लॉटवर. दर निवडणुकीला ते कुणा ना कुणाला निवडून आणायचे. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, आमच्या मराठी मतदारांची यादी तुम्ही करा. कोण आलं, कोण गावी गेलं, कोण मेलं, कुणाची सून नवीन आली. मी करत गेले. वर्षं गेली.

यादी घेऊन गेलं की मी त्यांच्या ओट्यावर बसायचे. ओट्यावर म्हणजे ओट्याच्या पायरीवर. वर गादी होती, तिथं शेठची माणसं. चहा यायचा. त्यांना ट्रेमधून बशीसकट कप. माझा कप ट्रेमध्ये यायचा नाही. तो बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथा ठेवलेला असायचा. कान तुटलेला, आतून तपकिरी झालेला. मी तो काढायचा, पुढं धरायचा, वरून चहा ओतला जायचा. प्यायचा. नळावर धुवायचा. पुन्हा पालथा घालायचा.

त्याला तिकडे रामपातर म्हणतात. आमच्यासारख्यांसाठी वेगळं ठेवलेलं भांडं. ज्यानं कुणी हे नाव दिलं त्याला लाज वाटली नाही. भांड्याला देवाचं नाव दिलं की विटाळही पुण्याचा होतो.

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी देव्हारा नदीत सोडला होता, त्याची गोष्ट आमच्या घरात अभिमानानं सांगतात. आणि त्यांची नात सुरतेत शेठच्या पायरीवर बसून तुटक्या कानाचा कप धुवत होती. हंसाबेन दारात उभं राहून बघायच्या, नीट धुतला का. एकदा म्हणाल्या, जरा राखेनं घासत जा.

गल्लीतली माणसंही तिथं असायची. त्यांचेही कप कोनाड्यात. कुणी काही बोलायचं नाही. शेठकडे जाऊन आलो, चहा प्यायला, असं घरी सांगायचे. मानानं सांगायचे.

मग कायदा बदलला आणि त्या वर्षी आमच्या वॉर्डात बायकांसाठी जागा राखून ठेवली गेली. बातमी आली त्या दिवशी मी यादी द्यायला गेले होते. गादीवर चर्चा चालू होती. शेठ म्हणाले, प्रश्नच नाही, हंसाला उभं करायचं. हंसाबेन आतून म्हणाल्या, मला नाही जमायचं ते. शेठ म्हणाले, तुला कुठं काय करायचंय? सही करायची. काम ही बेन करेल. आणि माझ्याकडे हात केला.

मी का बोलले ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी म्हणाले, "मग मीच उभी राहिले तर?"

आधी त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग माझ्या तोंडाकडे पाहून कळलं, नाही करत. तेव्हा जास्त हसले. गादीवरचे हसले. पायरीवर बसलेली आमची माणसंही हसली. शेठनं डोळे पुसले आणि प्रेमानं म्हणाले, "बेन, लिस्ट बनावे एनुं नाम लिस्टमां ना होय."

यादी बनवणाऱ्याचं नाव यादीत नसतं.

मी माझा कप धुतला. पालथा घातला. घरी आले.

नवरा मिलमधून आला. नखांत निळा रंग घेऊन यायचा तो. त्याला सांगितलं. तो बराच वेळ हात धूत बसला. म्हणाला, "शेठशी वाकडं घ्यायचं म्हणतेस." मग म्हणाला, "अर्ज कुठं मिळतो?"

अर्ज कुठं मिळतो. किती साधा प्रश्न. त्या एका प्रश्नासाठी मी झोन कचेरीचे जिने किती चढले, ते मोजायचं सोडून दिलं.

पहिल्या खेपेला कारकुनानं विचारलं, अर्ज कुणासाठी? म्हटलं, माझ्यासाठी. म्हणाला, साहेब जेवायला गेलेत. दुसऱ्या खेपेला अर्ज दिला, पण सोबत काय लागतं ते सांगितलं नाही. भरून नेला तर म्हणाला, मतदार यादीचा उतारा कुठाय? उतारा नेला तर म्हणाला, खोलीचा वेरा भरल्याचा दाखला कुठाय? वेरा म्हणजे घरपट्टी. तो नेला तर म्हणाला, शपथेचा कागद? एकदम सगळं सांगितलं असतं तर एका खेपेत झालं असतं. पण एकेक सांगायचं, एकेकदा परत पाठवायचं, ही त्यांची पद्धत. माणूस थकतो आणि घरी बसतो. त्याच टेबलावर छापील माहितीपत्रकांचा गठ्ठा होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, शेठच्या वकिलाला त्यांनी ते न मागता दिलं. मी मागितलं तर म्हणाला, गुजरातीत आहे. म्हटलं, मला वाचता येतं. म्हणाला, संपली.

जातीचा दाखला नेला होता. राखीव जातीच्या उमेदवाराला अनामत अर्धी भरावी लागते असं ऐकलं होतं. कारकुनानं दाखला उलटा-सुलटा केला. "आ तो महाराष्ट्रनुं छे. अहीं नहीं चाले." तुम्ही तिकडे त्या जातीच्या. इथं नाही.

मी त्याला विचारलं, मग इथं मी कोण?

म्हणाला, सामान्य.

मी पूर्ण अनामत भरली. पावती नीट ठेवली. इथं मला जात नाही म्हणे. सवलत मागितली तर जात नाही. मग तो कोनाडा कुणासाठी आहे? तो कप कुणाचा आहे?

उरला सूचक. आपल्या वॉर्डातल्या एका मतदारानं अर्जावर सही करावी लागते, की ही बाई उमेदवार व्हावी असं मी सुचवतो. एकच सही. मला वाटलं, ही तर सोपी गोष्ट. गल्लीतला एक माणूस नव्हता ज्याचा कागद मी केला नव्हता.

पहिल्यानं सकाळी हो म्हटलं, संध्याकाळी त्याची बायको सांगून गेली की ते गावी चाललेत. दुसरा हो म्हणाला आणि मग दिसेनासाच झाला. तिसरा खरं बोलला. तो शेठच्या खात्यावर लूम चालवायचा. म्हणाला, "बाई, मत तुम्हालाच. पण सही नको. मत दिसत नाही, सही दिसते."

त्याच्यावर मला राग आला नाही. किळस आली. त्याची नाही. ज्या व्यवस्थेत माणूस एवढं बरोबर बोलतो, तिची.

दोन दिवस राहिले असताना कौसल्यामावशी आपणहून आली. गल्लीच्या तोंडाशी पोत्यावर बसून मेथी-कोथिंबीर विकायची. नवरा रेल्वेच्या रुळांच्या कामावर आला होता, तो इथंच गेला. मुलगा आणि सून गोडादऱ्याला वेगळे राहायचे. तिचं पोतं कुणाच्या प्लॉटवर नव्हतं. रस्त्यावर होतं. तिच्यापासून हिसकावून घ्यावं असं शेठकडे काही नव्हतं.

दारातूनच म्हणाली, "माझा आंगठा चालंल का, माय?"

"चालेल की, मावशी."

"मंग लाव. सगळे सहीवाले पळाले म्हणं."

शेवटच्या दिवशी आम्ही गेलो. साहेबांच्या समोर तिनं अंगठा लावला. पोच मिळाली. बाहेर येताना पाहिलं तर हंसाबेनचे एकाहून जास्त अर्ज भरले जात होते. प्रत्येकावर वेगळा सूचक. मी कारकुनाला विचारलं, एवढे कशाला? म्हणाला, सेफ्टी. एक उडाला तर दुसरा राहतो. म्हटलं, मला का सांगितलं नाही? म्हणाला, तुम्ही विचारलं नाही.

घड्याळात तीन वाजून गेले होते. अर्ज घ्यायची खिडकी बंद झाली होती.

आणि दुसऱ्या दिवशी ती खोली. ती ट्यूबलाईट.

मी पुढं झाले. म्हटलं, साहेब, नाव मी सांगते. सूर्यभान. यादीतही तेच आहे. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, एवढंच आहे. वकील लगेच उभा राहिला. म्हणाला, नोंद घ्या, उमेदवार सूचकाला पढवते आहे. अधिकाऱ्यांनी मला बोटानं मागं सरकायला सांगितलं. मी मावशीचं रेशनकार्ड पुढं केलं. त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून मुलाचं नाव. फोटो नाही. वकील म्हणाला, यानं काय सिद्ध होतं? यानं एवढंच सिद्ध होतं की कौसल्या नावाची कुणीतरी बाई साखर उचलते.

पुन्हा हसू.

अधिकारी वाईट माणूस नसावा. मऊ आवाजात म्हणाला, "माजी, बस नाम बोलो. अर्जी पास." माझा अर्ज, माझ्या सगळ्या खेपा, सगळं त्या चार अक्षरांवर येऊन थांबलं होतं. मी तिच्या कानाशी गेले. म्हटलं, "मावशी, घ्या नाव. एकदाच."

तिचे ओठ हलले. गळ्याची शीर वर आली. आवाज आला नाही. मी तिचा हात धरला होता.

तेव्हा रतिलालशेठ बोलले. खुर्चीत वळून गोड आवाजात म्हणाले, "मावशी, तमारा मराठी लोकोमां तो नाम लेवानुं गाणुं आवे छे ने? गाओ ने. अमे सांभळीए."

उखाणा. उखाणा घ्या म्हणत होते.

"हां, हां, गाना," कारकून म्हणाला. त्यानं टाळ्याही वाजवल्या. हंसाबेन म्हणाली, गाओ गाओ.

विधवेला उखाणा घ्यायला सांगत होते. लग्नात, हळदीकुंकवात, सवाष्ण बायका लाजत-हसत जे म्हणतात, ते त्या पांढऱ्या कपाळाच्या म्हातारीनं सरकारी खोलीत, पोलिसासमोर म्हणायचं. मला त्या क्षणी त्यांचे दात दिसत होते. पानानं लाल झालेले, चहानं पिवळे झालेले. आजही छाननी हा शब्द ऐकला की मला ते दात दिसतात.

मावशीनं माझा हात सोडला. पदर खाली घेतला. आणि हळू, पण स्वच्छ म्हणाली, "साहेब, त्येंचं नाव म्या त्येंच्या मयतावर बी न्हाई घेतलं."

अधिकाऱ्यांनी कारकुनाला विचारलं, काय म्हणते? कारकुनाला मराठी चांगलं कळायचं. आमच्याच वस्तीच्या रेशन कचेरीत होता तो आधी. त्यानं खांदे उडवले.

"ना पाडे छे, साहेब."

नाही म्हणते. एवढंच त्यानं सांगितलं. एका बाईनं आयुष्यभर पोटात धरून ठेवलेली गोष्ट त्या खोलीत काढून ठेवली होती, आणि त्याचं भाषांतर झालं, नाही म्हणते.

अधिकाऱ्यांनी लिहिलं. सूचकाची ओळख पटत नाही. अर्ज नामंजूर. शिक्का मारला. पुढचा अर्ज घेतला. तो हंसाबेनचा होता. मंजूर. त्यांना त्यांचं नावही कुणी विचारलं नाही.

जिन्यात मावशी बसली. आता मी तिला उठवलं नाही. तिच्या शेजारी बसले. ती म्हणाली, "माझ्यामुळं गेलं व्हय, माय?"

मी नाही म्हटलं. पण ते अर्धंच खरं होतं आणि तिला ते कळत होतं. तिच्यामुळं गेलं नव्हतं. पण त्यांच्या हातात जो दगड आला होता, तो आम्हीच गावाहून गाठोड्यात बांधून आणला होता. आम्ही देव सोडले. उपास सोडले. नवरा नावाचा देव तेवढा सोडला नाही. मी स्वतः कचेरीत नवऱ्याचं नाव लिहिते, विचारलं तर सांगते, आणि घरात अहो म्हणते. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर आणि त्याखाली बसून अहो. मला त्या जिन्यात त्यांची किळस येत होती, आणि आमचीही येत होती. दोन्हींची चव एकच होती.

शेठ खाली उतरत होते. आम्हाला पाहून थांबले. म्हणाले, "बेन, मनमां ना लेता." मग असं म्हणाले, जणू काही झालंच नव्हतं, की मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायच्या आहेत, मराठी लोकांच्या तर तुम्हालाच लिहायच्या आहेत. "काले सवारे आवजो."

उद्या सकाळी या.

मी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, ठरल्या वेळी. ओट्यावर गर्दी होती. मंडपाचे बांबू येऊन पडले होते. आमची माणसं पायरीवर होती. चहा आला. मी कोनाड्यातून कप काढला, पुढं धरला. चहा ओतला गेला. मी प्यायले. शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

मग मी नळाकडे गेले नाही. पायऱ्या चढून गादीपाशी गेले. तिथं ट्रे होता, शेठच्या माणसांचे उष्टे कप त्यात. मी माझा न धुतलेला कप त्या कपांच्या मधोमध ठेवला. सुलटा.

मी म्हणाले, "शेठ, यादी मी करणार नाही. चिठ्ठ्याही नाही. कोण आलं, कोण गेलं, ते आता तुम्ही दारोदार जाऊन विचारा."

आणि खाली उतरले.

गल्लीच्या वळणाशी पोचले तोवर मागून आवाज आला. फुटण्याचा. एकामागून एक. हंसाबेननं अख्खा ट्रे मागच्या उकिरड्यावर टाकायला लावला. नुसता माझा कप नाही. जे जे त्याला लागलं ते सगळं. ज्या बाईनं टाकले ती आमच्याच गल्लीतली, त्यांच्याकडे भांडी घासायची. संध्याकाळी तिनं येऊन सांगितलं. म्हणाली, नवे कोरे होते हो, सोनेरी काठाचे. तिला त्या कपांचं वाईट वाटत होतं.

हंसाबेन निवडून आल्या. वॉर्डाच्या कामाला शेठ जातात. सहीपुरत्या त्या. मला त्या पावसाळ्यात फॉलचं काम मिळालं नाही. व्यापारी आधी हो म्हणायचा, मग माल संपला म्हणायचा. नवऱ्याच्या पगारावर काढलं. ते रडगाणं मी गाणार नाही.

मी दुसरं काम सुरू केलं.

दुपारी बायका आधी फॉल घेऊन माझ्याकडे बसायच्या, तशा पुन्हा बसायला लागल्या. मी सांगितलं, सुई खाली ठेवायची, उभं राहायचं आणि आपलं पूर्ण नाव सांगायचं. आपलं, नवऱ्याचं, आडनाव. अनुक्रमांक. मोठ्यानं. खोलीच्या बाहेर ऐकू जाईल असं. पहिल्या दिवशी सगळ्या हसून आडव्या झाल्या. एक म्हणाली, उखाण्यात घेते. मी म्हटलं, उखाण्यात नाही. उखाणा घ्यायला लावणाऱ्यांना मी पाहिलंय. नुसतं घ्यायचं. जसं ते आपलं घेतात.

एकीच्या सासूनं तिला आठ दिवस यायला बंदी केली. एकीचा नवरा दारात येऊन भांडला. म्हणाला, बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. मी त्याला विचारलं, बारा-बारा तास लूमपुढं उभं राहून, कानाचे पडदे फाडून घेऊन तुझं जे कमी होतंय, त्याबद्दल शेठशी भांडलास कधी? तो गेला. त्याची बायको दुसऱ्या दिवशी आली आणि तिनं त्याचं नाव एवढ्या मोठ्यानं घेतलं की समोरच्या खोलीतला त्याच नावाचा माणूस ओ द्यायला बाहेर आला.

आज, नव्व्याण्णव साल संपत आलं असताना, पुढची निवडणूक तोंडावर आहे. माझी तयारी झाली आहे. मतदार यादी तपासून झाली. वेरा भरलेला आहे. शपथेचा नमुना माझ्याकडे आहे. छापील माहितीपत्रक मी यावेळी एका वकिलामार्फत लेखी मागून घेतलं, पोच घेतली. अर्ज एक नाही, जितके चालतात तितके भरणार आहे. सूचक म्हणून सही करायला बायका तयार आहेत, विचारलं तर नवऱ्याचं, सासऱ्याचं, पणजोबाचं नाव सांगतील. मी हरेन किंवा निवडून येईन. अनामत जाईल किंवा राहील. पण त्या खोलीत मी रिकाम्या खुर्चीवर विचारल्याशिवाय बसणार आहे, आणि माझा अर्ज त्या टेबलावरून कुणाला उचलून टाकता येणार नाही.

पहिल्या अर्जावर सूचकाची जागा मी कोरी ठेवली आहे. बायका म्हणतात, बाई, एवढ्या जणी असताना कशाला अडून बसता? पण तो अर्ज कौसल्यामावशीच्याच अंगठ्यानं जाणार. तिचंही तेच म्हणणं आहे. ती आता बाजार आटोपून दुपारची येते. अंगणातच बसते. सगळ्यांचं ऐकते. तिची पाळी आली की उभी राहते, पदर कपाळावरून मागं सारते आणि म्हणते, "कौसल्या."

मग थांबते. गळ्याची शीर वर येते. बायका सुया हातात धरून तशाच राहतात. मी घाई करत नाही.

माझ्या यादीत बाकी सगळ्यावर खूण झाली आहे. हे एक राहिलं आहे.